नाव जोडा

एडक्याचं तोंड गोल चौकटीत नेमकं बसवलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं : हे कोण? नाव जोडा.

सोनालीला हसू आलं. जुळे सोलापुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात रविवारची दुपार होती. खिडकीला ओली चादर लावलेली होती आणि तिच्यातून येणारा वारा खोलीत येईपर्यंत जरासा निवत होता. तिनं फोन आईच्या डाव्या डोळ्यासमोर धरला, कारण उजव्या डोळ्यानं फुलाबाईला आता फक्त उजेड कळायचा. "बघ, आई. ह्याला माणूस समजलाय फोन." फुलाबाईनं मान तिरकी केली, दाराच्या फटीतून बघावं तसं बघितलं. "काजळ्या," ती म्हणाली. "मागल्या पायानं लंगडायचा. घाल की नाव. माणसापरीस शाना हुता." सोनालीनं नाव घातलं. फोन क्षणभर थबकला आणि काजळ्याचे आणखी फोटो काढून घेऊन आला. एकात तर नुसतं शिंग आणि अर्धा डोळा होता, तरी त्यानं ओळखला होता. मग पुढची चौकट आली. लाल पटका, पांढऱ्या मिशा, उन्हानं बारीक झालेले डोळे. हे कोण? नाव जोडा. "आणि हे?" सोनालीनं सहज विचारलं, काजळ्याच्या पाठोपाठ तेवढ्याच हलकेपणानं. फुलाबाईनं पदर सारखा केला, भिंतीकडं बघितलं. "तुला ठावं न्हाय व्हय?" ती म्हणाली. "कशाला चेष्टा करतीस?"

यात नवीन काहीच नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे सोनालीला कळायला लागल्यापासून माहीत होतं; तिच्या चुलत्या, माम्या, गावाकडची प्रत्येक बाई तशीच होती. तरी त्या क्षणी तिला जे लागलं ते लागलंच. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथं पायरी नसावी, तसं. आजवर ती गोष्ट एक रीत म्हणून तिच्या आजूबाजूला होती, आणि आता ती एक रिकामी चौकट होऊन हातात आली होती, तिच्यात एक उभी रेघ लुकलुकत होती आणि वाट बघत होती. काजळ्याला नाव होतं. बांडी, मोरी या मेंढ्यांना, रामोशी कुत्र्याला नाव होतं. ज्याच्यामागं ही सगळी चालायची त्यालाच आईच्या तोंडी नाव नव्हतं. मग इतकी वर्षं तिनं त्यांना हाक तरी कशी मारली? सोनालीला आठवेना. तिला बापूंचा, म्हणजे वडिलांचा, खोकला आठवला, घोंगड्याचा वास आठवला, भाकरी मोडण्याची त्यांची पद्धत आठवली; आई त्यांना हाक मारते आहे असं मात्र एकही चित्र समोर येईना. हे विचित्र होतं. तिला ते शोधून काढावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याचं जरा आश्चर्यही वाटलं.

हे सगळं सुरू झालं होतं डोळ्याच्या डॉक्टरांपासून. काचबिंदू. नजर कडेकडेनं मिटत येईल, ते म्हणाले होते, मधलं शेवटपर्यंत दिसेल, पण शेवट कधी ते सांगता येत नाही. रिक्षात बसल्यावर फुलाबाईनं त्याचा तिच्यापुरता अर्थ लावून टाकला होता : मेंढरांभोवती जाळी आवळत आणावी तसं. आणि होटगी रोडला सिग्नलपाशी रिक्षा थांबली असताना, समोरच्या बसकडं तोंड करून, ती म्हणाली होती, "तुज्या बापूंचं फोटू हाईत न्हवं तुज्याकडं? मला बघायचं हाईत." सोनालीनं लगेच फोन काढला होता. पण फुलाबाईनं तिचा हात खाली दाबला. "असं न्हाय. तू दावतीस तवा तूबी बघतीस. मला एकटीला बघायचं हाय. तुमच्याम्होरं कवा बगितलंय मी त्यांच्या तोंडाकडं?"

एवढीच अट होती. फुलाबाईला अक्षर येत नव्हतं. फोनमधलं माइकचं चित्र मात्र ती ओळखायची, त्याला ती कणीस म्हणायची, आणि कणसावर बोट ठेवून बोललं की फोन ऐकतो हे नातवानं तिला शिकवलं होतं. म्हणजे तिनं बोलायचं आणि बापू समोर यायचे, मधे कुणी असता कामा नये. सोनालीला ही गोष्ट आधी फार सोपी वाटली. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तिचं आयुष्य गेलं होतं. काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब पसरवून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी ओळखत जायचं : ही असली, ही तसली, ही कुठलीच नाही. वेगळं करणं आणि नाव देणं हेच तिचं काम. मग घरचे फोटो किती असतील? तिनं सगळे एकत्र केले. तिचे जुने फोन, भावाच्या पेनड्राइव्हवरची लग्नं, बंद पडलेल्या लॅपटॉपमधून माणूस लावून काढून घेतलेले, आणि गावाकडच्या पत्र्याच्या पेटीतले कागदी फोटो स्कॅन करून आणलेले. त्यात लाइटबिलांचे फोटो निघाले, औषधांच्या चिठ्ठ्या, गुलाबाच्या फुलांवर लिहिलेले सुप्रभात, एकच बारसं चार फोनांतून. त्या ढिगात बापू होते. मेंढपाळाचे फोटो कोण काढणार, असं तिला वाटायचं. पण शेवटची काही वर्षं ते तिच्याकडं येऊन राहिले होते आणि तिच्या हातात तेव्हा नुकताच चांगला कॅमेऱ्याचा फोन आला होता. ते गॅलरीत बसलेले, कांदा फोडताना, झोपलेले. त्यांना कळत नसताना काढलेलेच जास्त.

ही एकच व्यक्ती आहे का?
हो. नाही. सांगता येत नाही.

हे जोडीचे प्रश्न फोन मधूनच विचारायचा. दोन चेहरे शेजारी ठेवायचा. सोनालीला त्यांचा नाद लागला. लॅबमधून आल्यावर चहा घेत ती उत्तरं देत बसायची. भाऊ जोतीराम लहानपणीचा आणि जोतीराम आत्ताचा, टकलावर टोपी : हो. मोठी आत्या आणि धाकटी आत्या : नाही. फोनला नेमकं काय दिसत असेल? दोन भुवयांमधलं अंतर, नाकाची लांबी, असं काहीतरी तो मोजत असणार. पण काजळ्या आणि आत्याचा नवरा या दोघांना शेजारी ठेवून एकच व्यक्ती आहे का असं त्यानं विचारलं, तेव्हा तिला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला, कारण लहानपणी तिलाही तसंच वाटायचं आणि तिनं ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं. एकदा मल्लिकार्जुन आला. मल्लू. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला बरोबर होता, पहिल्या दिवसापासून ती त्याला नावानं हाक मारत होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा तिनं अंगणातून "मल्लू, टॉवेल दे रे" म्हटल्यावर फुलाबाईच्या हातातली चरवी कलंडली होती. आता तो विजापूरला असतो. भांडण असं कधी झालंच नाही, एकमेकांना हाका मारण्याचं कारण हळूहळू संपत गेलं, इतकंच. तेव्हा फुलाबाई एकदाच बोलली होती, तेही चुलीकडं बघत : "लई वापरलंस त्याचं नाव. झिजलं." चेहऱ्याखाली फोन दोन गोष्टी देत होता. नाव जोडा. लपवा. सोनाली बराच वेळ दोन्हीकडं बघत राहिली आणि काहीच न करता पुढच्या चेहऱ्यावर गेली.

जोतीरामनं फोनवर तिला वेड्यात काढलं. तो चिंचोळीच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये असतो, त्याच्यामागं यंत्रांची घरघर असते, म्हणून तो नेहमी ओरडूनच बोलतो. "सोने, कशाला डोस्क्याला ताप करून घेतीस? सगळं ग्रुपवर टाकून दे की. आय बघंल."

"ग्रुपवर सगळ्यांनाच दिसतं. तिला एकटीला बघायचंय."

"एकटीला? आनि आमी काय परकं हाय व्हय?"

"तूच विचार तिला."

"र्‍हाऊ दे," तो म्हणाला. "तुमचं तुमी बघा."

फोनमधल्या त्या पहिल्या प्रोग्रॅमला प्रत्येक माणसाचं एकच नाव लागायचं. हरकत नव्हती. नावं कागदावरची घालायची नाहीत, आईच्या तोंडात असतील ती घालायची, असं सोनालीनं ठरवलं. बोलणार ती होती. म्हणून जोतीरामला जोत्या केलं. स्वतःच्या चेहऱ्याखाली सोने लिहिलं. जोतीरामच्या मुलापाशी ती अडली. त्याचं नाव आजोबांचंच ठेवलेलं, बिरप्पा. पण ते नाव घ्यायचं नाही म्हणून फुलाबाईनं सख्ख्या नातवालासुद्धा आयुष्यात कधी नावानं हाक मारली नव्हती. ती त्याला बापू म्हणायची. म्हणजे आजोबांचं नाव नातवाला आणि आजोबांना सगळे जे म्हणत तेही नातवालाच. सगळं देऊन मोकळं झालेल्या त्या माणसाखाली काय लिहायचं? बिरप्पा लिहिलं तर जिला बघायचं तिला ते बोलता येणार नाही. बापू लिहिलं तर डोक्यावर तेल थापलेला, मोटारसायकलवर बसलेला नातू येईल. तिनं आईला लाडीगोडी लावून बघितली. "उखाण्यात घेतलं होतंस की नाव. लग्नात. तेच म्हण. ह्यात कुणी ऐकत नाही." फुलाबाई शेंगा फोडत होती. तिनं फोडलेली शेंग तशीच हातात धरली. "त्ये गेल्यावर कुटला गं उखाना? नाव घ्यायचं तर म्होरं मानूस बसल्यालं लागतं, त्यानं खाली बघून हसाय लागतं." आणि मग टरफलं सुपात टाकत, "तुला काय कळायचं. तू तर टावेल मागाय नाव घेतलंस."

दुसरा प्रोग्रॅम तिनं लॅबमधल्या एका मुलीच्या सांगण्यावरून घेतला. तो चेहऱ्यांच्या भानगडीत पडत नव्हता, तारीख आणि जागा बघून फोटो लावायचा, नकाशावर ठिपके टाकायचा. ती उत्सुकतेनं नकाशा उघडून बसली, कारण तिच्या मनात एक वेडी आशा होती की बापू मेंढरं घेऊन दिवाळीनंतर निघायचे आणि पावसाला परत यायचे ती सगळी वाट तिथं उमटलेली असेल. सांगोल्याच्या माळावरून निघून नदीकाठानं वर, कुणाच्या उसाच्या खोडव्यात, कुणाच्या पडीक रानात. उमटलं काहीच नव्हतं. पेटीतल्या फोटोंना जागा नव्हती, आणि तारीख होती ती स्कॅन केल्याची. त्यामुळं बापू एकाच मंगळवारी तरुण होते, बाप झाले होते, पिकले होते आणि त्याच दिवशी आजारी पडले होते. शेवटची सोलापुरातली सोडली तर बाकीची वर्षं रिकामी. तिला वाटलं, खरं तर हे अगदी चूक नाही. लहानपणी बापू असेच होते, वर्षातला काही काळ एकदम भरपूर, आणि मग कुठंच नाहीत. तिनं तो प्रोग्रॅम काढून टाकला.

ताबीश तिच्या लॅबमधला, रिपोर्ट छापण्याचं आणि कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम त्याच्याकडं. तिनं जेवणाच्या सुट्टीत त्याला सगळी अडचण सांगितली. सांगताना तिला अवघडल्यासारखं झालं, पण त्यानं डब्यातल्या मटणाच्या बोटीवरची नजरही न उचलता मान हलवली. "आमच्याकडं बी तेच हाय, मॅडम. अम्मी अब्बांना आजवर 'सुनो' म्हणत आली. फोन घेऊन दिला तर म्हणती, हेच्यात तुझ्या अब्बांचं काय लिवलं? मी लिवलं होतं करीमभाई. तर म्हणती, ये कौन करीमभाई? मग मी सेव्ह केलं, 'सुनो'. आता ती फोनला म्हणती सुनो को लगाओ, आणि लागतो." तो हसला. "तुमची आई काय म्हणायची बाबांना?"

"अवं," सोनाली म्हणाली. म्हणताना तिची खात्री नव्हती. सगळ्याच बायका अवं म्हणतात, म्हणून आईही म्हणत असणार.

"मग तेच ठेवा की. आणि एक बात बोलू का? ते फुकट जागा देतात त्यांच्याकडं आईचे फोटो नका ठेवू. घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्रॅम हाय माझ्याकडं. दिसाया एवढा देखणा न्हाय. पण सगळं घरातच राहतं. आणि एका माणसाला पायजे तेवढी नावं लावा, एक नाव पायजे तेवढ्या माणसांना लावा. काय भांडत न्हाय तो."

नाव घातलं अवं. संध्याकाळी फुलाबाईला तिनं कॉटवर बसवलं, फोन हातात दिला, कणीस दाखवलं. "म्हण." फुलाबाईनं आधी दाराकडं बघितलं, सोनालीकडं बघितलं, सोनाली मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत गेली आणि भिंतीला कान लावला, याची तिला लाज वाटली. आतून आवाज आला, कोरडा, पाठ म्हटल्यासारखा : अवं. मग पुन्हा. सोनालीनं आत जाऊन बघितलं. फोननं ऐकलं होतं आणि लिहिलं होतं, हवं. खाली म्हटलं होतं, यासाठी काही सापडलं नाही. पुन्हा म्हटलेल्याचंही त्यानं तेच केलं होतं. हवं. सापडलं नाही. सोनाली त्या एका शब्दाकडं बघत राहिली. आई वाचू शकत नाही याचं तिला बरं वाटलं. "काय म्हंतंय?" फुलाबाईनं विचारलं. "त्याला ऐकू नाही आलं नीट," ती म्हणाली. "व्हय," फुलाबाई म्हणाली, "मलाबी तोंडात बसंना. मी कुटं त्यांना अवं म्हनत हुते." मग काय म्हणत होतीस, असं सोनालीनं विचारलं, तर फुलाबाईनं आठवून बघितलं. खरोखरच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. आणि शेवटी म्हणाली, "काय की. हाक मारायचे, येवडं ठावं हाय."

आता हे कुतूहल सोनालीला झोपू देईना. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली की पेशींच्या गर्दीतून तिला वाटायचं, हाक म्हणजे तरी काय? कशानं ओळखायची? लॅबच्या बाहेर, नव्या पेठेत, बायका नवऱ्यांना बोलवतात ते ती ऐकू लागली. चादरींच्या दुकानात एक बाई नुसत्या बांगड्या वाजवून नवऱ्याला वळवताना दिसली. भाजीवाली "अगा" म्हणाली. एक नव्यानं लग्न झालेली पोरगी मोठ्यानं "रोह्या" म्हणाली, तेव्हा सोनालीला उगाच त्या नावाची काळजी वाटली.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी ती स्वयंपाकघरात चटणी कुटत होती तेव्हा आतून हाक आली. "सोनेऽ." तिनं बत्ता ठेवला, हात पुसत आत गेली. "काय गं?" फुलाबाई कॉटवर पाय हलवत बसली होती, फोन तोंडाजवळ धरलेला, कणसावर अंगठा. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "तुला न्हाय."

तुला न्हाय.

फोनच्या पडद्यावर सोनं होतं. कुणाच्या तरी लग्नातल्या पाटल्या, सराफाच्या दुकानातला भावाचा फलक, ताटात मांडलेलं मंगळसूत्र, जोतीरामच्या बायकोचे झुबे. सोने म्हणून जे जे काही असेल ते सगळं त्या शहाण्या प्रोग्रॅमनं गोळा करून आणलं होतं, आणि त्याच्या टोकाला एका चौकटीत सोनाली स्वतः, लॅबच्या पांढऱ्या कोटात. पण ती हे बघत नव्हती. दोन शब्दांनी तिला पाठीमागून धरलं होतं आणि ती एका माळावर उभी होती, पायाला गोखरू टोचत होते. पावसाळ्याचे दिवस, बापू घरी आलेले, वस्तीपासून जरा लांब जाळी लावून मेंढरं बसवलेली. दारातून आईची हाक : सोनेऽ. ती धावत सुटायची, धापा टाकत दारात पोचायची आणि आई तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणायची, तुला न्हाय. मागून बापू चालत येत असायचे, हात पटक्याला पुसत. भाकरी झाली होती, किंवा कुणी पाव्हणा आला होता, किंवा नुसतंच. आई त्यांना सोनालीच्या नावानं बोलवायची. पहिलं पोर म्हणून तिचं नाव, आणि ते नाव दोघांचं. बाकीचे आठ महिने ते नाव पूर्ण तिचं असायचं. बापू आले की अर्धं व्हायचं. तिला राग यायचा का? यायचा असणार. पण त्याहून जास्त तिला कळून घ्यायचं होतं की बापूंना कसं कळतं, कारण ते कधी चुकत नसत. तिची हाक असली की ते मान वर करत नसत. एकदा मात्र असं झालं की ती त्यांच्याजवळच बसली होती, एका कोकराच्या कानातल्या गोचिड्या काढत ते बसले होते आणि ती कोकराचे पाय धरून होती, आणि हाक आली. वाऱ्यानं अर्धी खाल्लेली. दोघांनीही मान वर केली. बापूंनी तिच्याकडं बघितलं. "तुला का मला?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ठावं न्हाय." मग दोघंही तिथंच बसून राहिले, कुणीच गेलं नाही, हाक तशीच माळावर राहिली. शेवटी आई स्वतः चालत आली, कमरेवर हात ठेवून, दोघांकडं बघत. काय बोलली ते आठवत नाही. बापू खाली बघून हसले ते आठवतं.

सांगता येत नाही, हेही एक उत्तर असतं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

"तू त्यांना माझ्या नावानं हाक मारायचीस," ती म्हणाली.

फुलाबाई फोनकडं बघत होती. "मग कुनाच्या मारनार?" ती म्हणाली, जणू हे कधी विसरायला झालंच नव्हतं.

सोनालीनं बापूंच्या चेहऱ्याखाली सोने लिहिलं. प्रोग्रॅमनं लगेच हरकत घेतली : या नावाची व्यक्ती आधीच आहे. दोघांना एकत्र करायचं का? तिनं एकदा, नुसतं काय होतं बघायला, हो म्हटलं. आणि एका गोल चौकटीमागं दोघंही गेली. ती आणि बापू, कोट आणि पटका, तिची दहावी आणि त्यांचा दवाखाना, एकाच माणसाचं लांबलचक आयुष्य असावं तसं. ती ते खाली सरकवत राहिली. ते बघताना भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. नाक खरंच एक होतं, बसण्याची तऱ्हा एक होती, कॅमेरा बघून ओठ मिटण्याची पद्धत एक होती, आणि फोननं आजवर एकदाही त्या दोघांना शेजारी ठेवून विचारलं नव्हतं याचंच तिला नवल वाटलं. मग तिला सुचलं की स्वतःला काढून टाकावं. स्वतःच्या चेहऱ्याखाली सोनाली लिहावं, आणि सोने पूर्ण बापूंना द्यावं. म्हणजे आईचं काम होईल. अंगठा तिथपर्यंत गेलाही. पण ते खोटं झालं असतं. हाक दोघांची होती. कुणाची ते आई ठरवायची, आणि ज्याचं त्याला कळायचं. तिनं दोघांना पुन्हा वेगळं केलं, एकेक फोटो धरून, हे माझं, हे त्यांचं, असं करत. ते काम संपायला रविवार गेला. आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती ताबीशला म्हणाली, "तुमचा तो भांडत नाही तो. तोच बसवून द्या."

त्यानं घरी येऊन जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चढवला, फुलाबाईच्या फोनला जोडून दिला. दिसायला खरंच तो काही नव्हता. राखाडी रंग, ढोबळ अक्षरं. चेहरे ओळखायला त्यानं वेळ लावला, काजळ्याला माणूस म्हणायला त्यानं साफ नकार दिला, त्यावर फुलाबाई नाराज झाली. पण एक नाव दोघांना लावल्यावर तो काही बोलला नाही. सोने म्हटलं की दोन गोल चौकटी शेजारी शेजारी यायच्या, डावीकडं पटका, उजवीकडं कोट. डावीकडची फुलाबाईच्या चालणाऱ्या डोळ्यासमोर. बाकी काही नाही, सोनंनाणं काही नाही. ताबीशनं मावशी मानून तिच्या बोटाला धरून दाखवलं, "खाला, हितं दाबलं की हे. हितं दाबलं की मॅडम." फुलाबाई हसली. "मॅडमला काय दाबायचं," ती म्हणाली. "ती हाय की हितंच."

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. फोन कॉटच्या उशाशी पडून असायचा. सोनालीनं विचारलं नाही. विचारायचं नाही हे तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं आणि ते तिला फार जड गेलं, कारण लॅबमध्ये काचपट्टी तयार असताना मायक्रोस्कोपमध्ये न बघता बसण्यासारखं होतं ते.

एका संध्याकाळी ती काटवटीत ज्वारीचं पीठ मळत होती. एक भाकरी तव्यावर होती, पाणी लावून झालं होतं. आतून हाक आली. "सोनेऽ."

तिचं पाऊल उचललं गेलं. सवयीनं, इतक्या वर्षांच्या. तोंडात 'आले' आलं होतं. मग ती तशीच उभी राहिली, पिठाचे हात हवेत धरून, आणि ऐकलं. तिच्यासाठीची हाक खाली आपटायची, लगेच संपायची, तिच्यात काम असायचं. ही संपली नव्हती. ही थोडी वर गेली होती आणि शेवटाला वळून वाट बघत थांबली होती. बापूंना हे कळायचं तर. एवढंच होतं ते. ती परत ओट्याशी वळली, भाकरी उलटली.

भाकरी फुगली तशी तिनं ती काढून टोपल्यात ठेवली. मग फुलाबाईचा आवाज आला, हळू, सोनालीनं आजवर कधीही न ऐकलेला, "लई वाळलायसा."

सोनालीनं पुढचा गोळा घेतला आणि भाकरी थापायला लागली. लागते त्याहून जरा जोरात.